गाठ हाच काठ: कापडाच्या पृष्ठावरून गाठीची पारख

कोल्हापुरी चपलेच्या पट्ट्यावर चामड्याच्या बारीक वाद्यांची तीन पेडांची वेणी घातलेली असते. पेड चार वेळा एकमेकांवरून नेऊन तशीच एक वेणी दोरीने घालावी, बांगडीसारखी गोल वळवावी आणि शेवटी डावीकडे आलेले टोक सुरुवातीच्या डावीकडच्या टोकाला, मधले मधल्याला आणि उजवे उजव्याला जोडावे, म्हणजे आपल्या हातात गणिताच्या अर्थाने एक गाठ येते. गणितातल्या गाठीला मोकळे टोक नसते. त्यामुळे तिच्याबद्दल पहिला प्रश्न असा पडतो की, दोरी कुठेही न कापता ही गाठ सोडवून तिचे साधे वर्तुळ करता येईल का?

हाताने प्रयत्न करून या प्रश्नाचे अर्धेच उत्तर मिळते. गाठ सुटली तर प्रश्न मिटला. पण तासभर खटपट करूनही ती सुटली नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण पुढच्या क्षणी एखादी वेगळी हालचाल सुचू शकते. म्हणून गणिती दोरीकडे पाहण्याऐवजी ती दोरी ज्याचा काठ आहे अशा एका पृष्ठाकडे पाहतात. साडीला जसा काठ असतो तसा या पृष्ठाला एकच अखंड काठ असतो, आणि तो काठ म्हणजेच आपली गाठ. दोन बाजू असलेले असे पृष्ठ प्रत्येक गाठीला असते, हे १९३० साली फ्रांकल आणि पोंत्र्यागिन यांनी दाखवले, आणि ते बनवण्याची सोपी, हाताने करता येण्यासारखी कृती हर्बर्ट सायफर्ट यांनी १९३४ मध्ये दिली. आज या पृष्ठांना सायफर्ट पृष्ठे म्हणतात. ही कृती कागदावर आणि कापडावर कशी करायची, तिच्यातून येणाऱ्या आकड्याचा अर्थ काय लावायचा आणि, याहून महत्त्वाचे म्हणजे, काय लावायचा नाही, हे या लेखात क्रमाने मांडले आहे.

साहित्य

थोडे जाड सुती कापड घ्यावे. एका बाजूने रंगीत आणि दुसऱ्या बाजूने फिके असलेले मिळाले तर उत्तम. नाहीतर दोन रंगांची कापडे एकमेकांना चिकटवून घ्यावीत. कोल्हापुरात शाहूपुरीत किंवा महाद्वार रोडवर कापडाच्या दुकानात उरलेले तुकडे सहज मिळतात आणि तेवढे पुरतात. त्यातून सुमारे १० सेंटिमीटर व्यासाच्या चकत्या आणि २ सेंटिमीटर रुंद, ८ सेंटिमीटर लांब पट्ट्या कापून ठेवाव्यात. याशिवाय सुई-दोरा, कात्री आणि काठावर शिवण्यासाठी परकराची नाडी लागेल. पुठ्ठ्यापेक्षा कापड घ्यावे असे मी सांगतो, कारण शेवटी कापड कापून काढायचे असते आणि हातात केवळ नाडी उरायला हवी.

चित्रातून चकत्या

पहिल्या प्रयत्नासाठी ट्रेफॉइल, म्हणजे तीन पाकळ्यांची गाठ निवडावी. तिचे चित्र काढताना दोरी स्वतःला तीन ठिकाणी ओलांडते. अशा प्रत्येक जागेला आपण फुली म्हणू. फुलीवर वरून जाणारी दोरी अखंड काढावी आणि खालून जाणारी तुटक दाखवावी.

आता दोरीवर कुठेही पेन्सिल ठेवून एका दिशेने चालत जावे आणि वाटेत बाण काढत जावेत. पूर्ण फेरी झाली की प्रत्येक फुलीवर एकच काम करायचे: फुली पुसायची आणि येणाऱ्या दोन बाणांना जाणाऱ्या दोन बाणांशी असे जोडायचे की दोऱ्या एकमेकींना न ओलांडता शेजारून वळून जातील. बाणांची दिशा कुठेही उलटता कामा नये. जोडणीचे दोन पर्याय दिसतात, पण बाण पाळणारा त्यांतला एकच असतो, त्यामुळे इथे निवड करावी लागत नाही. सगळ्या फुल्या पुसल्या की चित्रात काही सुटी वर्तुळे उरतात. ट्रेफॉइलमध्ये ती दोन असतात, एक आत आणि एक बाहेर.

प्रत्येक वर्तुळासाठी एक चकती आणि पुसलेल्या प्रत्येक फुलीसाठी अर्धा पीळ दिलेली एक पट्टी, एवढाच या पृष्ठाचा जमाखर्च आहे. एकात एक असलेली वर्तुळे असतील तर चकत्या एकावर एक, मध्ये अंतर ठेवून धराव्यात; उतरंडीत मडकी ठेवतात तसे, फक्त इथे सगळ्या चकत्या एकाच मापाच्या चालतात. वर्तुळे शेजारी-शेजारी असतील तर चकत्याही शेजारी ठेवाव्यात.

अर्धा पीळ का, हे कापड हातात घेतल्यावर लगेच कळते. वरच्या चकतीची रंगीत बाजू वर आहे आणि खालच्या चकतीचीही वर आहे. पट्टी पीळ न देता काठाला काठ जोडून शिवली, तर वरच्या चकतीची रंगीत बाजू पट्टीवरून उतरून खालच्या चकतीच्या फिक्या बाजूला जाऊन मिळते. अर्धा पीळ दिला की रंग रंगाला मिळतो. म्हणून शिवताना एकच तपासणी पुरते: कोणत्याही शिवणीवर रंगीत आणि फिके यांची गाठ पडता कामा नये. तशी पडली तर पृष्ठ दोन बाजूंचे राहिले नाही. कागदाच्या एका लांब पट्टीला तीन अर्धे पीळ देऊन टोके चिकटवली तर तिचाही काठ ट्रेफॉइलच असतो, पण त्या पट्टीला एकच बाजू असते, आणि पुढची मोजणी तिच्यावर चालत नाही.

पीळ कोणत्या दिशेने द्यायचा हे चित्रातली फुली ठरवते. उभ्या पट्टीकडे समोरून पाहावे. तिच्या दोन कडा एकमेकींना ओलांडताना वरून जाणारी कड खाली-डावीकडून वर-उजवीकडे जाते की खाली-उजवीकडून वर-डावीकडे, एवढेच पाहायचे. पट्टी मागून पाहिली किंवा उलटी धरली तरी हे उत्तर बदलत नाही. ट्रेफॉइलमध्ये तिन्ही पट्ट्यांचा पीळ एकाच दिशेचा असतो.

मोजणी

शिवलेल्या पृष्ठाला किती ‘कान’ आहेत, हे आपल्याला मोजायचे आहे. चहाच्या कपाला एक कान असतो. चेंडूला एकही नसतो. बंद पृष्ठाच्या कानांच्या या संख्येला जीनस म्हणतात. आपल्या पृष्ठाला काठ आहे, म्हणून त्या काठावर मनातल्या मनात एक झाकण बसवायचे आणि मग कान मोजायचे. नजरेने ते दिसत नाहीत, पण हिशेबाने मिळतात. चकत्या वजा पट्ट्या या आकड्याला पृष्ठाची ऑयलर संख्या म्हणतात: प्रत्येक चकती तिच्यात १ ची भर घालते आणि प्रत्येक पट्टी १ कमी करते. एकच काठ आणि ज कान असलेल्या पृष्ठाची ऑयलर संख्या १ − २ज असते. म्हणून,

जीनस = (फुल्या − चकत्या + १) ÷ २.

ट्रेफॉइलसाठी (३ − २ + १) ÷ २, म्हणजे १. पाच फुल्यांच्या दोन वेगळ्या गाठी आहेत, त्या सरावासाठी चांगल्या. एकीत २ वर्तुळे उरतात आणि जीनस २ येतो. दुसरीत ४ वर्तुळे उरतात आणि जीनस १ येतो. फुल्या सारख्या असूनही पृष्ठे वेगळी निघतात, आणि म्हणूनच नुसत्या फुल्या मोजण्यापेक्षा हा आकडा अधिक काही सांगतो.

सूत्रात उत्तर अपूर्णांकात आले, तर एकतर वर्तुळे मोजताना चूक झाली आहे किंवा चित्रात एकाहून अधिक सुटे फेरे आहेत.

एक उलटा पीळ

आता पृष्ठाच्या काठावर नाडी शिवावी. एका जागेपासून सुरुवात करून काठ न सोडता पुढे जात राहिले की सगळ्या चकत्या आणि सगळ्या पट्ट्यांच्या दोन्ही कडा संपवून नाडी सुरुवातीच्या जागी परत येते. तिची टोके जोडावीत आणि मग कात्रीने कापड नाडीपासून सोडवून काढून टाकावे. हातात ट्रेफॉइल उरते.

हा प्रयोग मी विद्यार्थ्यांकडून करून घेतो, आणि त्यांतला सर्वांत उपयोगी नमुना चुकून तयार झाला होता. एका विद्यार्थिनीने दोन पट्ट्यांना एका दिशेने आणि तिसरीला उलट दिशेने पीळ दिला होता. रंग कुठेही चुकला नव्हता. चकत्या दोन, पट्ट्या तीन, जीनस १, हिशेबही बरोबर होता. कापड कापल्यावर तिने नाडी जरा झटकली आणि तिचे साधे वर्तुळ झाले.

या वर्तुळाला साधी चकती पुरली असती, आणि चकतीचा जीनस शून्य. तरीही तिने शिवलेल्या पृष्ठाचा जीनस १ होता. यातून नेमके काय कळते ते स्वतःला स्पष्टपणे सांगावे: आपण शिवलेले पृष्ठ केवळ वरची मर्यादा देते. गाठीचा जीनस म्हणजे तिला काठ म्हणून धारण करणाऱ्या सर्व दोन बाजूंच्या पृष्ठांमधला सर्वांत लहान जीनस. ‘मी बनवलेल्या पृष्ठाचा जीनस १ आला, म्हणून गाठीचा जीनस १’ हे वाक्य चूक आहे, आणि या विषयात नवख्यांकडून सर्वांत जास्त वेळा हीच चूक होते. बरोबर वाक्य असे: गाठीचा जीनस १ किंवा त्याहून कमी आहे. याहून लहान पृष्ठ अस्तित्वातच नाही, हे दाखवायला वेगळी वाट लागते.

खालची मर्यादा

ही वाटही त्याच कापडावरून जाते. ट्रेफॉइलच्या पृष्ठावर दोन बंद वाटा आखाव्यात. पहिली वाट पहिल्या पट्टीवरून खाली उतरते आणि दुसरीवरून वर येते. दुसरी वाट दुसऱ्या पट्टीवरून उतरते आणि तिसरीवरून वर येते. आता प्रत्येक वाटेची एक प्रत कापडाच्या रंगीत बाजूने किंचित उचलून हवेत धरली आहे असे समजावे, आणि मूळ वाट व उचललेली प्रत एकमेकींत किती वेळा अडकतात ते मोजावे. एका वाटेवर दोन अर्धे पीळ, म्हणजे एक पूर्ण पीळ असतो. म्हणून प्रत्येक वाट स्वतःच्या प्रतीशी एकदा अडकते, आणि पिळाच्या दिशेनुसार तिथे −१ लिहावा. दोन वेगळ्या वाटा मात्र एका क्रमाने एकदा अडकतात आणि दुसऱ्या क्रमाने अडकत नाहीत. हे चार आकडे चौकटीत लिहिले की पहिली ओळ −१, १ आणि दुसरी ओळ ०, −१ अशी येते. हिला सायफर्ट मॅट्रिक्स म्हणतात.

या मॅट्रिक्समधून तिच्या ओळी-स्तंभ बदललेल्या रूपाची क्ष-पट वजा करावी आणि उरलेल्याचा निश्चयक, म्हणजे चौकटीतल्या दोन तिरप्या गुणाकारांची वजाबाकी, काढावा. (क्ष − १)² + क्ष, म्हणजे क्ष² − क्ष + १ मिळते. ही ट्रेफॉइलची अलेक्झांडर बहुपदी. पृष्ठ बदलले तरी ती बदलत नाही, फार तर चिन्ह बदलते किंवा क्षच्या एखाद्या घाताने ती गुणली जाते. आणि तिच्यातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान घातांमधला फरक गाठीच्या जीनसच्या दुपटीहून मोठा असू शकत नाही. इथे फरक २ आहे, म्हणून जीनस १ किंवा त्याहून अधिक आहे. वरची मर्यादा १, खालचीही १. ट्रेफॉइलचा जीनस १ आहे आणि ती गाठ सुटत नाही, हे आता सिद्ध झाले.

उलट्या पिळाच्या नमुन्यावर हाच हिशेब करून पाहावा. दुसऱ्या वाटेवर दोन विरुद्ध अर्धे पीळ एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून शेवटचा आकडा −१ ऐवजी ० होतो आणि निश्चयक केवळ क्ष येतो. घातांतला फरक शून्य. त्या पृष्ठावरच्या याच वाटेला एका बाजूने, पृष्ठाला इतरत्र कुठेही न शिवणारी चकती लावता येते. वाटेवर कापड कापून दोन्ही कापांवर अशी चकती शिवली की कान नाहीसा होतो आणि जीनस एकाने उतरतो. ज्या पृष्ठावर असे काही करताच येत नाही त्याला असंपीड्य पृष्ठ म्हणतात, आणि त्रिमितीय मॅनिफोल्डच्या, म्हणजे जवळून पाहिल्यास आपल्या नेहमीच्या अवकाशासारख्या दिसणाऱ्या अवकाशांच्या, अभ्यासात अशाच पृष्ठांना सर्वांत अधिक महत्त्व आहे.

पुन्हा वेणीकडे

चपलेच्या वेणीत उजवा पेड मधल्यावरून येतो, मग डावा पेड मधल्यावरून येतो, आणि हे आलटून-पालटून चालते. त्यामुळे एका पेडाच्या मागे गेल्यास तो एकदा वरून, एकदा खालून असा जाताना दिसतो. अशा चित्राला आल्टरनेटिंग म्हणतात. अनावश्यक फुली नसलेल्या आल्टरनेटिंग चित्रावर सायफर्टची कृती केली की मिळणारे पृष्ठ नेहमीच सर्वांत लहान जीनसचे असते, असे क्रॉवेल आणि मुरासुगी यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस सिद्ध केले. म्हणजे वेणीसाठी मॅट्रिक्स मांडायची गरजच नाही, मोजणी पुरते.

गोल वळवलेल्या वेणीवर बाण काढून फुल्या पुसल्या की तीन वर्तुळे उरतात, वेणी कितीही लांब असली तरी तीनच. चार फुल्यांच्या वेणीतून आठाच्या आकड्याची गाठ मिळते आणि तिचा जीनस (४ − ३ + १) ÷ २ = १ येतो. कापडात ती करायची तर तीन चकत्या एकावर एक धराव्यात, वरच्या दोघींमध्ये दोन पट्ट्या एका पिळाच्या आणि खालच्या दोघींमध्ये दोन पट्ट्या उलट्या पिळाच्या, गोल फिरताना एक वरची, एक खालची अशा क्रमाने शिवाव्यात. तिची बहुपदी क्ष² − ३क्ष + १ आहे, म्हणजे ट्रेफॉइलशी जीनस जुळूनही ती गाठ वेगळी आहे.

सहा फुल्यांची वेणी बंद केली तर एक गाठ न राहता तीन सुटे फेरे होतात. त्यांतले कोणतेही दोन एकमेकांत अडकलेले नसतात, पण तिन्ही मिळून सुटत नाहीत. हीच बोरोमियन कडी. तीन काठ असल्यामुळे वरचे सूत्र इथे लागू होत नाही. ऑयलर संख्या −३ आणि झाकणे तीन, म्हणून जीनस १. आठ फुल्यांना पुन्हा एकच गाठ मिळते आणि जीनस ३ होतो. दहा फुल्यांना ४. वेणी जितकी लांब घालावी तितके तिचे पृष्ठ गुंतत जाते, आणि ते साधे करण्याची कोणतीही युक्ती नाही, हे इतक्या थोड्या श्रमात कळते याचे मला आजही अप्रूप वाटते.

कृती कुठे अपुरी पडते

आल्टरनेटिंग नसलेल्या गाठींमध्ये सावध राहावे. एक उदाहरण हाताने करता येते. ट्रेफॉइलच्या वाटेने एक लांब फीत फिरवावी, आणि तिची टोके एकमेकांना जोडताना साध्या शिवणीऐवजी दोन्ही टोकांचे काठ दोन हुकांसारखे एकमेकांत अडकवावेत. अशा दुहेरी गाठीचा जीनस १ असतो, कारण फीत आणि त्या हुकांच्या जागची एक छोटी पट्टी मिळून तिचे पृष्ठ होते. पण अशा काही गाठींचे कोणतेही चित्र घ्या, सायफर्टची कृती त्या छोट्या पृष्ठापर्यंत पोहोचतच नाही. दरवेळी मोठेच पृष्ठ हाती येते.

खालची मर्यादाही फसवू शकते. अकरा फुल्यांच्या दोन प्रसिद्ध गाठी आहेत: कॉनवेची आणि किनोशिता–तेरासाका यांची. एकीचा एक भाग कापून, अर्ध्या वळशाने फिरवून पुन्हा जोडला की दुसरी मिळते. दोघींची अलेक्झांडर बहुपदी १ आहे, म्हणजे तिच्या मते जीनस शून्यही चालेल. प्रत्यक्षात कॉनवेच्या गाठीचा जीनस ३ आणि दुसरीचा २ आहे, हे डेव्हिड गाबाई यांनी पृष्ठांच्याच अधिक खोल अभ्यासातून दाखवले. बहुपदीला जो फरक दिसला नाही तो पृष्ठांनी दाखवला.

गाठीबाहेरचा अवकाश

इथे दोरीवरची नजर काढून तिच्या भोवतालच्या अवकाशाकडे वळवावी. अवकाशातून गाठीची जाडसर नळी कोरून काढली की उरते ते काठ असलेले एक त्रिमितीय मॅनिफोल्ड, आणि सायफर्ट पृष्ठ त्याच्या आत ताणलेल्या पडद्यासारखे असते. गाठ सुटते की नाही हा प्रश्न आता असा होतो: या अवकाशात गाठीला काठ धरून चकती ताणता येते का? चकतीने स्वतःला छेदले तरी तिचे छेद दूर करता येतात, हे माक्स डेन यांनी १९१० मध्ये मांडले. त्यांच्या सिद्धतेतली त्रुटी १९२९ मध्ये क्नेझर यांना सापडली, आणि बरोबर सिद्धता १९५७ मध्ये पापाकिरियाकोपौलोस यांनी दिली. मधली जवळजवळ तीन दशके हे विधान आधाराविना होते.

ती चकती शोधण्याची खात्रीची कृती व्होल्फगांग हाकेन यांनी १९६१ मध्ये दिली. मॅनिफोल्डचे चतुष्फलकांत, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंच्या ठोकळ्यांत, तुकडे करावेत. नीट बसवलेले पृष्ठ प्रत्येक चतुष्फलकाला फक्त सात प्रकारे कापते: कोपरा तोडणारे चार त्रिकोण आणि समोरासमोरच्या कडा वेगळ्या करणारे तीन चौकोन. म्हणून कोणत्या चतुष्फलकात कोणता तुकडा किती वेळा येतो एवढे आकडे लिहिले की पृष्ठ पूर्ण लिहिले जाते, आणि शेजारच्या तुकड्यांच्या कडा जुळण्याच्या अटी ही साधी समीकरणे होतात. बटाट्याच्या एका सपाट कापावरून सातही प्रकार समजत नाहीत. बटाट्याचा चतुष्फलकाच्या आकाराचा तुकडा कापून घेऊन त्याला सुरीने वेगवेगळे छेद द्यावेत, म्हणजे चौकोन कुठून येतो ते दिसते. हाताने ही समीकरणे सोडवणे अशक्यप्राय आहे, पण ‘रेजिना’ नावाची मोफत संगणक प्रणाली हेच काम करते. तिला गाठ द्यावी आणि ती साधे वर्तुळ आहे का हे विचारावे.

दोन गाठी जोडताना

शेवटची कृती संगणकाविना होते. एकाच दोरीवर आधी ट्रेफॉइल आणि पुढे चार फुल्यांची वेणी असे दोन्ही घालून टोके जोडली, तर एक गाठ दुसरीला रद्द करू शकेल का? दोघींच्या मध्ये एक मोठा फुगा कल्पावा, जो एका गाठीला आत घेतो आणि दोरीला दोनच ठिकाणी छेदतो. संपूर्ण दोरीचे सर्वांत लहान पृष्ठ या फुग्याला कापते तेव्हा फुग्यावर त्या दोन बिंदूंना जोडणारी एक रेघ आणि कदाचित काही बंद वर्तुळे उमटतात. सर्वांत आतले वर्तुळ घ्यावे. फुग्यावर त्याच्या आत रिकामी चकती आहे. पृष्ठ त्या वर्तुळावर कापून दोन्ही कापांवर तशी चकती बसवावी आणि सुटून पडलेला बंद भाग टाकून द्यावा. जीनस वाढत नाही आणि एक वर्तुळ कमी होते. असे करत शेवटी फक्त रेघ उरते, आणि तिच्यावर कापले की पृष्ठाचे दोन भाग होतात, एक ट्रेफॉइलचा आणि एक वेणीचा. म्हणून जोडगाठीचा जीनस दोघींच्या जीनसची बेरीजच असतो. हे शूबर्ट यांनी १९४९ मध्ये सिद्ध केले. आपल्या दोरीचा जीनस १ + १ = २ आहे. बेरीज शून्य व्हायची असेल तर दोन्ही आकडे शून्यच असावे लागतात, त्यामुळे ट्रेफॉइलच्या पुढे त्याच दोरीवर दुसरी कोणतीही गाठ घातली तरी ती ट्रेफॉइलला सोडवू शकत नाही.